दोन सिग्नल, एक तार: काय जुळतं, काय हरवतं

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेवाले, केबल-इंटरनेट चालवणारे आणि मासेमारी नौकांवर यंत्रं बसवणारे, सगळ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. तार एकच आहे, सिग्नल दोन आहेत, मग ते एकत्र कसे घालायचे? घरं डोंगरउतारावर विखुरलेली, मधे व्हाळ आणि सुपारीची आगरं, त्यामुळे दुसरी तार ओढणं महाग पडतं. म्हणून दोन तारांना गाठ मारली जाते. मग कधी निम्मीच चॅनल दिसतात, कधी इंटरनेट दुपारी चालतं आणि रात्री अडखळतं, आणि दोष मात्र कंबायनरच्या (सिग्नल एका तारेत जोडणाऱ्या डबीच्या) दर्जाला दिला जातो. बऱ्याचदा कंबायनर चांगलाच असतो. आपण त्याच्याकडून निसर्गाला मान्य नसलेली गोष्ट मागत असतो.

आगरात दोन पाट एका पाटाला मिळतात तेव्हा पाणी दुप्पट होतं, कारण पाट भरून वर चढू शकतो. कोअॅक्स केबल (टीव्हीची नेहमीची तार) किंवा सिंगल-मोड फायबर (प्रकाशाला एकच वाट देणारी काचेची तार) असं वर चढत नाही. तिच्यात एका वारंवारतेला, एका क्षणी, एका ध्रुवीकरणाला (तरंगाच्या कंपनाच्या दिशेला) एकच जागा असते.

मूळ नियम

बाहेर जाणाऱ्या तारेत प्रत्येक सिग्नलच्या शक्तीचा किती हिस्सा पोचतो ते मांडा. सिग्नल एकाच वारंवारतेवरचे आणि एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर त्या हिश्श्यांची बेरीज १ च्या वर कधीच जात नाही. दोन सिग्नल सारखे घेतले तर प्रत्येकाचा अर्धा हिस्सा, म्हणजे ३ डीबी घट (डीबी हे शक्तीच्या पटीचं माप: ३ म्हणजे अर्धी, १० म्हणजे दहावा भाग). चार घेतले तर ६ डीबी, आठ घेतले तर ९ डीबी. वाटणी असमान करता येते: एकाला ९० टक्के दिले (घट ०.४६ डीबी) तर दुसऱ्याला १० टक्केच उरतात (घट १० डीबी). हे आकडे आदर्श भागाचे झाले, बाजारातला भाग यापेक्षा थोडा जास्तच खातो.

याचं कारण उष्णतेच्या नियमात आहे. कोणताही रेझिस्टर स्वतःच्या तपमानामुळे तारेत थोडी खरखर सोडत असतो. २९० केल्विनला ती दर हर्ट्‌झला उणे १७४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी) असते, मग रेझिस्टर ५० ओहमचा असो की ७५ चा. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हा हिशेब मांडला तो नेमका अशाच विचाराने: दोन रेझिस्टर, मधे तार, तपमान सारखं. आता समजा, दोन सिग्नल पूर्ण ताकदीने एका तारेत घालणारा वाय-जोड कुणी बनवला. त्याच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टर लावा आणि तिसऱ्या टोकालाही एक. तिसऱ्याला दोघांची पूर्ण खरखर मिळेल, पण तो परत पाठवेल फक्त स्वतःची. म्हणजे तिघंही सारख्या तपमानाला असताना तिसरा आपोआप तापत जाईल. असं होत नाही, म्हणून असा जोडही बनत नाही. प्रकाशालाही हेच लागू आहे, त्यामुळे फायबरच्या वाय-जोडातही हाच ३ डीबी जातो.

या नियमातून निघायच्या वाटा पाच आहेत. सिग्नल वेगळ्या वारंवारतेचे करा. किंवा वेगळ्या वेळेचे करा. प्रकाश असेल तर ध्रुवीकरण वेगळं ठेवा. दोन्हीकडे एकच सिग्नल असेल तर ते एका तालात आणा. यांपैकी काहीच जमत नसेल तर घट मान्य करून अॅम्प्लिफायरने भरून काढा, आणि त्याची किंमत वेगळी मोजा. कोणताही भाग विकत घेण्याआधी आपण यातली कोणती वाट धरतोय ते कागदावर लिहा.

नुसती गाठ मारली तर काय होतं

७५ ओहमच्या तीन तारा एका बिंदूत जोडल्या की येणाऱ्या सिग्नलला समोर ३७.५ ओहम दिसतात. त्यातला १/९ भाग मागे फिरतो आणि उरलेल्या दोन तारांत प्रत्येकी ४/९ जातो. म्हणजे घट अवघी ३.५ डीबी, चांगल्या कंबायनरइतकीच! म्हणूनच "टी लावला तरी चालतं" हे अनुभवाला येतं. पण दोन गोष्टी लपून राहतात. एक, तेवढाच ४/९ भाग दुसऱ्या सिग्नलच्या यंत्रात उलटा शिरतो. दोन, तिन्ही टोकं ७५ ओहमने बंद असतील तोवरच हा हिशेब खरा असतो.

एक टोक मोकळं राहिलं की गणित पार बदलतं. मोकळ्या टोकाची १ मीटर तार लोंबत असेल आणि केबलमधला वेग प्रकाशाच्या ८३ टक्के असेल, तर ती तार ६२ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगाइतकी होते आणि जोडापाशी जवळपास शॉर्ट दिसते. तसंच १८७, ३११, ४३६, ५६० मेगाहर्ट्‌झला. तेवढीच चॅनल गायब होतात आणि बाकीची झकास दिसतात. एका खोलीतला टीव्ही काढून ठेवल्यावर शेजारच्या खोलीतली ठरावीक चॅनल गेली, तर आधी मोकळं टोक शोधा. वापरात नसलेल्या प्रत्येक तोंडाला ७५ ओहमचा टर्मिनेटर (टोक बंद करणारा रेझिस्टर) लावा. जेमतेम काही रुपयांची ही वस्तू आहे, आणि होमस्टेच्या वायरिंगमध्ये तीच सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

रेझिस्टरचा कंबायनर (२५ ओहमचे तीन, ताऱ्याच्या आकारात) तिन्ही बाजूंनी ७५ ओहम दाखवतो आणि कोणत्याही वारंवारतेला चालतो, पण ६ डीबी खातो. दोन सिग्नलांमधली आडही (एकाला दुसऱ्याच्या यंत्रात शिरू न देणारा अडसर) ६ डीबीचीच राहते. टेस्टिंगच्या टेबलावर ठीक, घरात नको.

बाजारात टू-वे स्प्लिटर म्हणून मिळतो तो फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर गुंडाळलेला हायब्रिड असतो. उलटा लावला की तोच कंबायनर. घट ३.५ ते ४ डीबी, आड साधारण २० डीबी किंवा जास्त. मायक्रोवेव्हसाठी हेच काम अर्नेस्ट विल्किन्सन यांच्या १९६० च्या रचनेने होतं. ७५ ओहमसाठी तिच्यात १०६ ओहमच्या दोन पाव-तरंग पट्ट्या असतात आणि मधे १५० ओहमचा रेझिस्टर. दोन्हीकडून वेगवेगळे सिग्नल आले की प्रत्येकाची अर्धी शक्ती त्या रेझिस्टरमध्ये तापून जाते. तो रेझिस्टर काढून टाकला तर घट वाचत नाही, आड मात्र जाते.

होमस्टेच्या गच्चीवर

मालवण-तारकर्लीकडे नेहमी दिसणारी मांडणी घ्या: गच्चीवर डिश, खालून केबलवाल्याची लाइन, आणि खोल्यांत तार एकच. डिशच्या एलएनबीतून (डिशपुढच्या रिसीव्हर डबीतून) ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झ येतं, केबल ८६२ च्या खाली असते. दोन्हींच्या वारंवारता वेगळ्या, त्यामुळे इथे स्प्लिटर लावून ३ डीबी फुकट घालवायचं कारणच नाही. डिप्लेक्सर (वारंवारतेनुसार जोडणारा किंवा वेगळं करणारा फिल्टर) घ्या. जिथे दोन्ही सिग्नल एकत्र येतात तिथे एक, आणि टीव्हीमागे वेगळे करायला दुसरा. प्रत्येकी घट साधारण १ डीबीच्या आसपास. डिप्लेक्सरच्या डिशकडच्या तोंडावर डीसी पास (डीसी वीज जाऊ देणारं) लिहिलेलं असलंच पाहिजे, कारण एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट सेट-टॉप बॉक्सकडूनच जातात. केबलकडच्या तोंडातून मात्र डीसी जाता कामा नये.

दोन डिश एकत्र करायचा प्रकार वेगळा. डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येतं. शेजारी दुसऱ्या उपग्रहाची डिश असेल तर तिचाही एलएनबी तेच ९५० ते २१५० देतो. दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगतात, त्यामुळे कोणताही कंबायनर त्यांना वेगळं ठेवू शकत नाही. इथे डायसेक स्विच लागतो: एका वेळी एकच डिश जोडलेली, कोणती ते बॉक्स सांगतो. ही वेळेची वाट झाली. दोन खोल्यांत दोन बॉक्स आणि एलएनबी एकच असेल तर एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, आणि जास्त व्होल्ट जिंकतात. तिथे ट्विन (दोन तोंडांचा) एलएनबी किंवा मल्टिस्विच (प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र निवड देणारा स्विच) घ्या.

तिसरी गरज म्हणजे होमस्टेचं स्वतःचं माहितीचं किंवा कॅमेऱ्याचं चॅनल केबलमध्ये घालणं. मॉड्युलेटर (चित्राचं चॅनल बनवणारं यंत्र) ९५ डीबीमायक्रोव्होल्ट (१ मायक्रोव्होल्टच्या तुलनेत डीबी) देतो आणि केबल ६५ वर येते. इथे समान वाटणी चुकीची, कारण मॉड्युलेटरकडे शक्ती उधळायला आहे, केबलकडे नाही. २० डीबीचा टॅप (तारेतून ठरावीक थोडा हिस्सा काढणारा भाग) घ्या आणि उलटा लावा: केबल टॅपच्या 'आउट' तोंडात, खोल्यांकडची तार 'इन' तोंडात, मॉड्युलेटर 'टॅप' तोंडात. मॉड्युलेटर २० डीबी पडून ७५ वर येतो, त्याच्यापुढे १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल ठरवून कमी करणारा भाग) लावला की ६५. केबलचा तोटा एक डीबीच्या आतबाहेर. टॅप सरळ लावला तर मॉड्युलेटरचा सिग्नल खोल्यांऐवजी केबलवाल्याच्या लाइनीत मागे जातो आणि आख्ख्या वाडीला त्रास होतो. मॉड्युलेटरचं चॅनल केबलमध्ये रिकाम्या जागी घ्या. त्याच्या पुढे त्या चॅनलचा बँडपास फिल्टर (तेवढंच चॅनल जाऊ देणारा) असेल तर फारच उत्तम, कारण स्वस्त मॉड्युलेटर आपल्या चॅनलबाहेरही खरखर सांडतात.

एकच सिग्नल, दोन अँटेना

दरीतल्या गावात एफएम नीट येत नाही म्हणून दोन सारखे अँटेना वर-खाली लावून जोडले जातात. इथे नियम आपल्या बाजूने वळतो. दोन्हीकडे एकच सिग्नल आहे, त्यामुळे ते एका तालात आले तर कंबायनरमध्ये काहीच जळत नाही आणि फायदा जास्तीत जास्त ३ डीबीचा होतो. प्रत्यक्षात थोडा कमीच.

सगळं तालावर अवलंबून असतं. ताल अंशांत मोजला तर हाती येणारा हिस्सा म्हणजे अर्ध्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग. ३० अंश चुकले तर ९३ टक्के मिळतात, ६० ला ७५ टक्के, ९० ला अर्धेच, आणि १८० ला शून्य. १०० मेगाहर्ट्‌झचा तरंग हवेत ३ मीटर, केबलमध्ये साधारण २.५ मीटर. दोन तारांच्या लांबीत १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे १४ अंश, तो चालून जातो. पण सव्वा मीटरचा फरक पडला तर दोन अँटेनांपेक्षा एकच बरा म्हणायची वेळ येते. ६०० मेगाहर्ट्‌झला तेच १० सेंटीमीटर ८६ अंश होतात.

म्हणून दोन्ही तुकडे एकाच बंडलातून कापा, एकमेकांना लावून मोजा आणि उरलेली लांबी गुंडाळून ठेवा, कापू नका. दोन्ही अँटेनांचे डायपोल एकाच बाजूने जोडा. एकाची आतली तार डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे गेली तर लांबी तंतोतंत असूनही १८० अंश पडतात. जोडल्यावर तपासणी सोपी: एक अँटेना काढला की सिग्नल खाली यायला हवा. तो वाढला, तर ताल उलटा आहे.

नौकेवर: व्हीएचएफ आणि एआयएस

हर्णे, मिरकरवाडा, मालवणच्या नौकांवर डोलकाठीवर जागा थोडी असते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएस (नौकांची ओळख आणि ठिकाण कळवणारी यंत्रणा) एकाच अँटेनावर घ्यायचा मोह होतो. दोन्ही सागरी व्हीएचएफ पट्ट्यातलेच: चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, एआयएसची दोन चॅनल १६१.९७५ आणि १६२.०२५. एवढ्या जवळच्या वारंवारता साध्या फिल्टरने वेगळ्या होत नाहीत.

टीव्हीचा स्प्लिटर इथे लावू नका. तो ७५ ओहमचा, नौकेची तार ५० ओहमची, पण खरं संकट शक्तीचं आहे. रेडिओ २५ वॅट सोडतो. आड २० डीबीची असली तरी एआयएसच्या तोंडावर पाव वॅट पोचतो, आणि मायक्रोव्होल्ट ऐकायला बनवलेला रिसीव्हर त्यात मरू शकतो. शिवाय साडेबारा वॅट त्या इवल्याशा डबीतच उष्णता होतात. कडं तापतं, संपृक्त होतं, आणि संकटाच्या हाकेला अर्ध्याहून कमी शक्ती अँटेनापर्यंत पोचते.

लागतो तो एआयएसचा अॅक्टिव्ह स्प्लिटर. रेडिओ बोलू लागला की तो क्षणात एआयएस तोडतो आणि अँटेना पूर्ण रेडिओला देतो. ऐकताना दोघांत वाटणी करतो आणि आतला छोटा अॅम्प्लिफायर घट भरून काढतो. म्हणजे बोलताना एआयएस बहिरा असतो, हे खलाशांना सांगून ठेवा. घेण्याआधी एक गोष्ट नक्की पाहा: स्प्लिटरची वीज गेली तर अँटेना आपोआप रेडिओला जोडलेला राहतो का? राहत नसेल तर घेऊ नका. जागा असेल तर मात्र आमचं ठाम मत, दोन अँटेना लावा, एकाच उभ्या रेषेत वर-खाली. त्या दिशेला दोघंही एकमेकांना कमीत कमी ऐकतात. जीव ज्या रेडिओवर अवलंबून आहे त्याच्या वाटेत शक्यतो काहीच नसावं.

फायबर: उलट दिशेलाही तोच दंड

फायबरवाल्यांचा सर्वांत पक्का गैरसमज असा: स्प्लिटर खाली जाताना प्रकाश वाटतो म्हणून घट होते, वर येताना तर सगळे मिळतात, मग घट कशाला? घट होते, आणि तेवढीच होते. १:३२ च्या स्प्लिटरमध्ये घराकडून येणाऱ्या प्रकाशाचा १/३२ भागच वरच्या फायबरमध्ये शिरतो. बाकीचा गाभ्यात टिकू न शकणाऱ्या आकारात जाऊन आवरणात विरतो. म्हणूनच जीपॉनमध्ये (एका फायबरवर अनेक घरांना इंटरनेट द्यायची पद्धत) घरचे ओएनयू (घरातले फायबरचे बॉक्स) आळीपाळीने, ओएलटीने (केंद्रातल्या मुख्य यंत्राने) दिलेल्या वेळेतच बोलतात. १३१० नॅनोमीटरला सगळे एकदम बोलले तर घट तर होईलच, वर गोंधळही होईल.

एका वाडीचा हिशेब मांडू. तालुक्याच्या गावी ओएलटी, १२ किलोमीटर फायबर, वाडीच्या तोंडाशी १:४, पुढे १:८. खाली जाणाऱ्या १४९० नॅनोमीटरला फायबरचे ३ डीबी, १:४ चे ७.३, १:८ चे १०.५, आठ जॉइंटचे ०.८ आणि चार कनेक्टरचे १.६ मिळून २३.२ डीबी होतात. वर येणाऱ्या १३१० ला फायबर किलोमीटरमागे ०.३५ खातं, म्हणून ४.२, एकूण २४.४. बी-प्लस वर्गाच्या जीपॉन यंत्रांची मर्यादा २८ डीबी. शिल्लक ३.६, आणि त्यातले ३ पावसाळ्यातल्या दुरुस्तीच्या जॉइंटसाठी राखून ठेवा. वरची दिशाच आधी तुटते, त्यामुळे घरातला पॉवर मीटर उणे २२ दाखवून समाधान देत असला तरी ओएलटीकडचं रीडिंग पाहिल्याशिवाय काम पूर्ण समजू नका.

आता कुणी सुचवतो की, डोंगरावरून येणारी लाइन झाड पडून तुटते, तर खाडीकडून दुसरी आणू आणि १:२ चा कपलर उलटा लावून जोडू. बेरीज करा: २४.४ अधिक ३.८, म्हणजे २८.२. मर्यादा ओलांडली, आणि तीही लाइन तुटलेली नसताना, रोजच.

ह्यावर फार सुंदर उपाय आहे, आणि या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहावं. १:४ काढा, त्या जागी २:४ लावा. घट वाढते साधारण ०.३ डीबी. कसं काय? वाय-जोडात वाया जाणारा अर्धा भाग खरं तर एका चौथ्या तोंडाकडे निघालेला असतो. १:२ उलटा लावतो तेव्हा ते तोंड आपण पेटीतच बंद केलेलं असतं. २:४ मध्ये दोन्ही फायबर आत येतात, आणि प्रत्येकाचे दोन्ही अर्धे पुढे चार वाटांना कामी येतात. पुढे वाटणी करायचीच होती, म्हणून जोडणीचा दंड त्या वाटणीतच भागतो. थोडक्यात, जोडून मग वाटायचं असेल तर दोन्ही कामं एकाच भागात करा. कोअॅक्समध्येही ४ तोंडांचा हायब्रिड असाच वापरता येतो. एक अट: दोन्ही ओएलटी पोर्ट एकदम चालू ठेवायचे नाहीत. एक जागता, दुसरा झोपलेला, आणि अदलाबदल ओएलटीच्या संरक्षण सेटिंगमधून.

टीव्ही त्याच फायबरवर द्यायचा असेल तर तो १५५० नॅनोमीटरला जातो आणि डब्ल्यूडीएम (रंगानुसार जोडणाऱ्या) फिल्टरने जोडला जातो. रंग वेगळा, म्हणून घट ०.५ ते १ डीबीच. पण इथे दुसरी भिंत आहे. याच वाडीत १५५० ची एकूण घट साधारण २३.५ डीबी. घरच्या टीव्ही रिसीव्हरला उणे ६ डीबीएम हवे असतील तर सुरुवातीला १७.५ डीबीएम घालावे लागतात. एवढी शक्ती एका अरुंद रंगात लांब फायबरमध्ये घातली की ब्रिल्वाँ विकिरणाने (काचेतच प्रकाश विखुरण्याने, इंग्रजीत एसबीएस) तिचा मोठा भाग मागे फिरतो आणि चित्रात खरखर येते. ट्रान्समीटरवर एसबीएसची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा १३ ते १८ डीबीएमच्या दरम्यान. अॅम्प्लिफायर त्याच्या वर चढवून उपयोग नाही, वाटणी कमी करा किंवा अॅम्प्लिफायर वाडीजवळ न्या. आणि १७.५ डीबीएम म्हणजे ५६ मिलिवॅट, डोळ्याला न दिसणारे. फायबरच्या टोकात कधीही पाहू नका.

ध्रुवीकरणाने दोन लेझर बिनघट जोडता येतात, पण दोनच, आणि ध्रुवीकरण राखणारं वेगळं फायबर लागतं. वाडीच्या कामात त्याचा विचार नको. मल्टिमोड फायबरमध्ये अनेक सिंगल-मोड फायबर बिनघट सामावतात, कारण तिथे जागाच अनेक आहेत. पण मल्टिमोडचा प्रकाश परत एका सिंगल-मोडमध्ये कोंबता येत नाही. ५० मायक्रॉनच्या गाभ्यातून ९ मायक्रॉनच्या गाभ्यात नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबानेच १५ डीबी जातात. जुन्या इमारतीत नारिंगी (मल्टिमोड) पॅच कॉर्ड मधेच लावलेली सापडली तर घटीचं कारण हे.

दुपारी ठीक, रात्री खराब

दोन ठिकाणचे टीव्हीचे परतीचे (केंद्राकडे सिग्नल पाठवणारे) लेझर एका कपलरने एकाच रिसीव्हरवर आणले की एक विचित्र दोष येतो. दोन्ही "१५५० चे" असले तरी नेमका रंग थोडा वेगळा असतो. तो फरक रिसीव्हरमध्ये स्वतंत्र सिग्नल म्हणून उमटतो. १ नॅनोमीटरचा फरक म्हणजे १२५ गिगाहर्ट्‌झ, तो रिसीव्हरच्या ऐकण्यापलीकडचा. पण डीएफबी लेझर (एका नेमक्या रंगाचा) तपमानाच्या एका अंशाला ०.१ नॅनोमीटर, म्हणजे १२ गिगाहर्ट्‌झ सरकतो. एक पत्र्याच्या शेडमध्ये, दुसरा जांभ्याच्या गार खोलीत. दिवसा त्यांच्यात १० अंशांचा फरक, रात्री तो मिटत जातो आणि एखाद्या क्षणी दोन्ही रंग एकमेकांवर येतात. फरक १ गिगाहर्ट्‌झच्या आत आला की आख्ख्या पट्ट्यात खरखर, मग तासाभराने आपोआप गायब. कनेक्टर साफ करून हे जात नाही. एक लेझर सीडब्ल्यूडीएमच्या दुसऱ्या रंगाचा घ्या (या पद्धतीत रंग २० नॅनोमीटरच्या अंतराने मिळतात), किंवा दोन रिसीव्हर लावून नंतर कोअॅक्समध्ये जोडा.

अॅम्प्लिफायरने भरून काढताना

भजनी मंडळाच्या मिक्सरमध्ये चार माइक कोणतीही घट न होता मिळतात ना, असं कुणी विचारेल. मिळतात, कारण मिक्सर विजेवर चालतो आणि हरवलेलं पुन्हा भरतो. रेडिओ वारंवारतेलाही ते करता येतं, पण भरलेल्या सिग्नलासोबत खरखरही येते. सारखे दोन अॅम्प्लिफायर कंबायनरने एकत्र केले की दोघांची खरखर प्रत्येक चॅनलखाली जमा होते: दोघांची ३ डीबी, चौघांची ६. म्हणून अॅम्प्लिफायर जोडणीच्या आधी लावायचा तर प्रत्येकापुढे त्याच्या पट्ट्याचा फिल्टर हवा. अँटेना कमजोर असेल तर अॅम्प्लिफायर अँटेनाच्या खांबावरच लावा, तारेच्या घटीच्या अलीकडे.

जोडणीनंतर एकच अॅम्प्लिफायर लावला तर मिश्रणाची भीती. ४७४ आणि ४८२ मेगाहर्ट्‌झ एकत्र ताणले की ४६६ आणि ४९० ला भुतं (मुळात नसलेले खोटे सिग्नल) उगवतात, नेमकी शेजारच्या चॅनलांवर. आउटपुट १ डीबी वाढवलं की ही भुतं ३ डीबी वाढतात. चॅनल जास्त तसं आउटपुट उतरवावं लागतं. नेहमीचा नियम असा: चॅनलसंख्येतून १ वजा करा, त्याचा लॉग घ्या, ७.५ ने गुणा. ६० चॅनलना १३ डीबी. बॉक्सवर १२० डीबीमायक्रोव्होल्ट छापलेलं असलं तरी तुमच्या हाती १०७ च.

कोकणात ही भुतं अॅम्प्लिफायर नसतानाही येतात. खाऱ्या हवेने एफ कनेक्टरच्या आत हिरवट-पांढरा थर बसतो आणि धातू-थर-धातू असा जोड डायोडसारखा वागतो, म्हणजे सिग्नल तिथेच मिसळू लागतात. घट मोजली तर जेमतेम अर्धा डीबी, पण चित्र फुटतं. कनेक्टर हलवला की बरं होतं आणि आठवड्याने पुन्हा बिघडतं, ही त्याची खूण.

मिरगाआधी करायची कामं

पिळून बसवायचे कनेक्टर काढून कॉम्प्रेशनचे लावा. आत सिलिकॉन ग्रीसचा थेंब, वरून स्वतःत मिसळून जाणारी रबरी टेप, आणि तिच्यावर उन्हासाठी साधी काळी टेप. कनेक्टरच्या अलीकडे तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिथूनच गळेल. स्प्लिटरची पेटी तोंडं खाली करून बसवा. फायबरच्या पेटीत हिरवा कनेक्टर हिरव्यालाच लावा. निळ्याला लावला तर टोकांत फट राहते आणि काही डीबी जातात. मुंग्या पेटीत घर करतात, म्हणून तारांची भोकं जेलने बुजवा.

शेवटी मोजणी, याच क्रमाने. जोडण्याआधी दोन्ही सिग्नल वेगवेगळे मोजून पेटीच्या झाकणावर तारखेसह लिहा. जोडा. एक सिग्नल बंद करून दुसरा मोजा, मग उलट. टू-वे हायब्रिडला प्रत्येकी ३.५ ते ४ डीबी उतरायला हवेत, डिप्लेक्सरला १ च्या आसपास. सहा-सात उतरले तर पाणी किंवा मोकळं टोक. एकच सिग्नल २० च्या बराच वर पडला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर टॅप सरळ लागलाय. दोन्ही वेगवेगळे नीट येतात आणि एकत्र आले की बिघडतात, तर मिश्रण आहे: १० डीबीचा अॅटेन्युएटर अॅम्प्लिफायरच्या आधी लावून पाहा. चित्र सुधारलं तर अॅम्प्लिफायर ताणला गेलाय. काहीच फरक पडला नाही, तर गंजलेला कनेक्टर समुद्राकडच्या बाजूने शोधायला सुरुवात करा.